फलकचित्राचा काळ आणि कर्ता : गॉथिक धर्मचित्रांच्या परीक्षेविषयी

युरोपात चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत लाकडी फळ्यांवर रंगविलेली जी धर्मचित्रे आज संग्रहालयांत, लिलावगृहांच्या सूचिपत्रांत आणि क्वचित एखाद्या जुन्या घराण्याच्या खासगी प्रार्थनागृहात आढळतात, त्यांपैकी फारच थोड्यांवर चित्रकाराचे नाव असते आणि त्याहूनही थोड्यांवर साल असते. चित्रकार हा त्या काळी सुतार-सोनारांप्रमाणेच एखाद्या श्रेणीचा सभासद असे, काम कारखान्यात उस्ताद आणि शागीर्द यांच्या अनेक हातांतून तडीस जाई, आणि चित्र ज्या वेदीवर बसवायचे त्या वेदीचा संत व ज्याने पैसे दिले तो यजमान यांच्यापुढे कर्त्याच्या नावाची मातब्बरी कोणालाच वाटत नसे. म्हणून असे चित्र जेव्हा कलेच्या विद्यार्थ्यासमोर, संग्राहकासमोर किंवा परदेशी स्थायिक झालेल्या एखाद्या रसिक मराठी गृहस्थासमोर येते, तेव्हा त्याचा काळ आणि कर्ता हे दोन्ही प्रश्न पुराव्याची रुजुवात घालूनच सोडवावे लागतात, आणि ती कोणत्या क्रमाने घालावी हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

क्रमाला मी फार महत्त्व देतो. ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न मनात प्रथम उभा राहणे स्वाभाविक असले, तरी त्याचे उत्तर आधी ठरवून मग पुरावा गोळा करू लागल्यास डोळ्याला हवे तेच दिसू लागते. म्हणून लाकूड, लेप, सोने, रंग, विषय आणि पेहराव या सर्वांची साक्ष घेऊन झाल्यावर, सर्वांत शेवटी, नावाकडे वळावे.

प्रथम चित्र उलटे करावे. समोरच्या बाजूवर सहाशे वर्षांत किती हात फिरले असतील याचा नेम नसतो, परंतु पाठीकडे सहसा कोणी लक्ष दिलेले नसते, आणि तेथेच करवतीच्या व तासणीच्या खुणा, जुन्या मालकांच्या लाखेच्या मोहरा, यादीतील क्रमांक, जकातीचे शिक्के आणि विक्रेत्यांच्या चिठ्ठ्या सापडतात. यांतील एकही चिठ्ठी, कितीही मळकट असली तरी, काढू नये. एकोणिसाव्या शतकात वाकलेल्या फळ्या सरळ करण्यासाठी त्या पाठीमागून तासून पातळ करण्याची आणि त्यांवर लाकडी पट्ट्यांची जाळी बसविण्याची जी पद्धत रूढ झाली, तिने हा सर्व पुरावा असंख्य चित्रांवरून पुसून टाकला, याचे अभ्यासकाला दुःख वाटल्यावाचून राहत नाही.

नंतर लाकडाची जात पाहावी. चित्रकार बहुधा जवळ मिळेल ते लाकूड वापरी : इटलीत पॉप्लरच्या जाड, मऊ फळ्या, नेदरलँड्स, इंग्लंड आणि उत्तर जर्मनीतील व्यापारी नगरांत ओक, दक्षिण जर्मनी आणि आल्प्सच्या परिसरात स्प्रूस, फर किंवा लिंडन, स्पेनमध्ये बहुतांशी पाइन. ‘सिएनाचे चित्र’ म्हणून दाखविलेली वस्तू ओकच्या पातळ फळीवर असेल, तर तेथेच थांबून खुलासा मागावा. मात्र लाकूड कोठून आले एवढेच लाकूड सांगते. ओकच्या उत्तम फळ्या बाल्टिक समुद्राकाठच्या अरण्यांतून डॅन्झिग बंदरामार्गे पश्चिमेकडे जहाजे भरभरून जात, त्यामुळे पोलंडकडील झाडावर फ्लँडर्सच्या चित्रकाराने काम करणे ही नित्याची गोष्ट होती.

ओक असल्यास त्याच्या वार्षिक वलयांवरून काळ काढता येतो. सुक्या वर्षी वलय अरुंद, ओल्या वर्षी रुंद, अशा रुंदीच्या अनुक्रमाची ज्ञात काळाच्या लाकडांशी तुलना करून फळीतील शेवटचे वलय कोणत्या वर्षाचे हे तज्ज्ञ नेमके सांगतात. परंतु या वर्षाला चित्राचे वर्ष समजण्याची चूक वारंवार होते. सुतार सालीलगतचे कोवळे लाकूड कीड लागू नये म्हणून काढून टाकी, आणि बाल्टिक ओकमध्ये ही कोवळी वलये पंधराच्या आसपास असतात. शिवाय फळी सुकविण्यास काही काळ जाई. समजा, उरलेले शेवटचे वलय १३८० चे आहे. त्यात कोवळ्या लाकडाची पंधरा आणि सुकविण्याची निदान दोन वर्षे मिळविली, तर चित्र साधारणतः १३९७ च्या आधीचे नसावे एवढाच निर्वाळा मिळतो. ते १४२० चे किंवा १९२० चेही असू शकते, कारण जुनी फळी पुन्हा वापरण्यास कोणाची मनाई नव्हती. पॉप्लरच्या बाबतीत ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि कार्बनची किरणोत्सारी परीक्षाही झाडाच्या वाढीचा काळ काही दशकांच्या अंतरानेच सांगते.

किडीची साक्षही घ्यावी. लाकूड पोखरणारी अळी आत बोगदे करते आणि पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडताना पृष्ठभागावर बारीक गोल छिद्र पाडतो. तेव्हा रंगथराखालच्या बाजूस छिद्रांऐवजी उघडे पडलेले लांबट चर दिसले, तर आधी पोखरलेले जुने लाकूड कापून त्यावर नंतर चित्र काढले असा अर्थ होतो आणि संशयाला बळकट कारण मिळते. पाठीवरचे चर मात्र पुढे कोणी फळी तासल्यामुळेही उघडे पडलेले असतात, त्यांवरून घाईने दोषारोप करू नये. हीच कीड कधी चित्राच्या बाजूने साक्ष देते. पॅरिसच्या उत्तरेस कॉम्पियेन येथे एका वृद्ध स्त्रीच्या स्वयंपाकघरात टांगलेले ख्रिस्ताच्या विटंबनेचे छोटे चित्र २०१९ मध्ये चिमाबुए या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराचे ठरले, तेव्हा लंडनच्या नॅशनल गॅलरीतील आणि न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातील त्याच्या दोन छोट्या फलकांशी शैली जुळली त्याप्रमाणेच पॉप्लरच्या फळीतील किडीचे बोगदेही जुळले. एका मोठ्या द्विपटाची फळी कोणे काळी करवतीने कापली गेली होती, आणि चित्र सेन्लिसच्या लिलावात २ कोटी ४० लाख युरोंना विकले गेले.

कडाही तपासाव्यात. त्या काळी चौकट पुष्कळदा आधी बसवून मग फळी व चौकट यांवर एकत्रच लेप देत. चौकट काढल्यावर लेपाची एक उंच कड शिल्लक राहते. ती चारही बाजूंना असेल तर चित्राचा मूळ आकार शाबूत आहे. एका बाजूला नसेल, तर तेथे चित्र कापले आहे आणि त्याचा भाऊबंद दुसऱ्या कोठल्या तरी संग्रहात शोधला पाहिजे. दुच्चोने सिएनाच्या कॅथीड्रलसाठी रंगविलेले महान वेदीचित्र १३११ च्या ९ जूनला मिरवणुकीने तेथे नेण्यात आले आणि १७७१ मध्ये करवतीने चिरण्यात आले. त्याचे तुकडे आज सिएनाखेरीज लंडन, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क येथे पाहावे लागतात.

लाकडावर सरसात कालवलेला पांढरा लेप असतो. आल्प्सच्या दक्षिणेस आणि स्पेनमध्ये हा लेप जिप्समचा, उत्तरेस खडूचा. टाचणीच्या डोक्याहून लहान नमुन्यावर प्रयोगशाळा हा भेद सांगू शकते, आणि ज्या काळात शैलीवरून प्रदेश ओळखणे अवघड होते त्या काळासाठी ही साक्ष अनमोल आहे. १३८० ते १४३० च्या सुमारास पॅरिस, दिजाँ, प्राग, मिलान, बार्सिलोना या दरबारांतून चित्रकार, हस्तलिखिते आणि भेटवस्तू इतक्या सतत ये-जा करीत होत्या की लवलवत्या रेषांची, सुकुमार चेहऱ्यांची आणि जरतारी वस्त्रांची एकच शैली सबंध खंडभर पसरली. तेथे डोळा फसतो, पण खडू आणि जिप्सम फसत नाहीत.

सोन्याच्या पार्श्वभूमीजवळ मात्र सावकाश थांबावे, कारण माझ्या मते इटालियन फलकाच्या परीक्षेत याहून समृद्ध प्रकरण नाही. लेपावर तांबडी चिकणमाती देऊन, ती ओलसर करून, तीवर सोन्याचा वर्ख बसवीत आणि अकीकाने किंवा जनावराच्या दाताने घोटून त्याला धातूची झळाळी आणीत. मग प्रभावळींवर आणि कडांवर धातूच्या ठशांनी फुले, कमानी व ठिपके उमटवीत. सिएनामध्ये सिमोने मार्तिनीच्या काळापासून, म्हणजे १३२० च्या सुमारापासून, या ठशांची विपुलता वाढली. प्रत्येक ठसा हाताने घडविलेला असल्यामुळे त्याची एखादी पाकळी वाकडी, एखादा टोकाचा भाग तुटका असतो, आणि तोच दोष दुसऱ्या चित्रात आढळला तर दोन्ही एका कारखान्यातून बाहेर पडली असावीत असे अनुमान काढता येते. मोयमीर फ्रिंता आणि एर्लिंग स्काऊग या अभ्यासकांनी अशा ठशांची मापे घेऊन जी बाडे तयार केली, त्यांमुळे कित्येक चित्रांचा काळ पाच-दहा वर्षांच्या टप्प्यात आणता आला. परंतु ठसे वारसाने मिळत, उसने दिले जात आणि विकलेही जात. त्यामुळे ठसा कारखान्याकडे बोट दाखवितो, हाताकडे नव्हे. शिवाय सिएनामध्येच इचिलिओ फेदेरिको योनी (१८६६–१९४६) हा असा कुशल नक्कलकार होऊन गेला की त्याने स्वतःच आत्मचरित्र लिहून आपल्या उद्योगाची हकिकत सांगितली. तेव्हा घोटीव सोने आणि जुनाट भेगा एवढ्यावर कोणीही निश्चिंत होऊ नये.

रंगद्रव्यांकडे आता वळू. इटलीतील चित्रकार अंड्याच्या बलकात रंग कालवी आणि चेहऱ्याच्या खाली हिरव्या मातीचा थर देई, अशी माहिती चेन्नीनो चेन्नीनी याने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात तपशीलवार दिली आहे. वरचा गुलाबी थर झिजल्यामुळेच संग्रहालयांतील कित्येक मातामूर्ती हिरवट दिसतात. सफेता, हिंगूळ, जंगाल, ॲझुराइट हे नेहमीचे रंग. माता मेरीच्या झग्यासाठी बदखशानहून येणाऱ्या लाजवर्दाचा निळा, जो इतका महाग की १३२० मध्ये आरेत्सोच्या बिशपने पिएत्रो लोरेन्झेत्तीशी केलेल्या करारनाम्यात त्याचा स्वतंत्र उल्लेख आला. तांबड्या पारदर्शक छटांपैकी काही लाखेच्या आहेत, आणि ती लाख आपल्याच देशातून व्यापाऱ्यांच्या हस्ते व्हेनिसला पोहोचत असे, हे मराठी वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावे.

काळ ठरविण्याच्या दृष्टीने रंगांचा उपयोग बहुधा नकारार्थी होतो. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आरंभीचा, कोबाल्ट निळा आणि कृत्रिम लाजवर्द एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, टायटॅनियमचा पांढरा १९२० च्या आसपासचा. असा रंग मूळ थरात सापडला तर दावा संपला. पण तो वरच्या डागडुजीत सापडला तर चित्राचे काही बिघडत नाही, आणि हा भेद सूक्ष्मदर्शकाखाली थरांचा छेद पाहूनच करावा लागतो. उलट दिशेने बोलणारा एक रंग मात्र आहे. शिसे आणि कथील यांपासून केलेला पिवळा मध्ययुगात सर्रास वापरात होता, १७५० च्या सुमारास तो विस्मरणात गेला, आणि १९४१ मध्ये म्यूनिकच्या डोर्नर संस्थेत रिचर्ड याकोबी यांनी त्याचा पुन्हा शोध लावला. तेव्हा त्याआधीच्या नक्कलकाराला तो ठाऊक असणे जवळजवळ अशक्य होते, आणि मूळ थरातील त्याची उपस्थिती ही चांगली जामिनकी ठरते.

रसायनाइतकीच साध्या निरीक्षणाची धार कशी चालते याचे उदाहरण १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कला घडले. संत उर्सुलाच्या वाङ्‌निश्चयाचे एक फलकचित्र पंधराव्या शतकातील स्पॅनिश चित्रकार होर्खे इंग्लेस याचे म्हणून मेट्रोपॉलिटन संग्रहालयापुढे विक्रीस आले असता, मॉर्गन ग्रंथालयाच्या संचालिका बेल दा कोस्टा ग्रीन यांनी ते बनावट असल्याचे ओळखले आणि त्या अज्ञात नक्कलकाराला ‘स्पॅनिश फोर्जर’ असे नाव दिले. त्याच्या चित्रांतील स्त्रिया मध्ययुगाला न शोभणाऱ्या खोल गळ्यांच्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या गोडव्याने हसणाऱ्या आहेत. पुढे परीक्षेत तांबे व आर्सेनिक यांचा आधुनिक हिरवाही आढळला.

यानंतर चित्रविषय. चित्रातील संत ओळखून त्याला संतपद केव्हा मिळाले ते पाहावे. सिएनाचा बेर्नार्दिनो १४४४ मध्ये वारला आणि १४५० मध्ये संत घोषित झाला. सिएनाच्या कॅथरीनला हे पद १४६१ मध्ये मिळाले, थॉमस अक्विनासला १३२३ मध्ये. येशूच्या नामाक्षरांची तबकडी हाती घेतलेला बेर्नार्दिनो पूर्ण प्रभावळीसह असेल तर चित्र बहुधा १४५० नंतरचे, केवळ किरणांनी वेढलेला असेल तर आधीचे असण्याचा संभव. गुडघे टेकलेल्या यजमानाचा पेहराव, स्त्रियांची शिरोभूषणे, योद्ध्यांची चिलखते आणि ढालींवरची कुलचिन्हे यांवरूनही अशीच मर्यादा घालता येते. फक्त संतांची आणि देवदूतांची वस्त्रे परंपरेने ठरलेली असल्यामुळे त्यांवर भिस्त ठेवू नये, यजमानाच्या बाह्या पाहाव्यात.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा परामर्श घेतला पाहिजे. सोनेरी पार्श्वभूमी म्हणजे चौदावे शतक, असे पुष्कळांना वाटते. फ्लॉरेन्समध्ये कलाविचारक आल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्रात खऱ्या सोन्याच्या वापराला नापसंती दर्शविली हे खरे. तथापि बार्सिलोनात चामडे कमावणाऱ्यांच्या संघाने संत ऑगस्टिनच्या वेदीचित्राचा करार १४६३ मध्ये केला, आणि जाउमे उगेतच्या कारखान्यातून ते तयार होऊन बाहेर पडले तेव्हा त्यावर उठावाच्या नक्षीचे सोने झळकत होते. राजधानीत मावळलेली रीत डोंगराळ मुलखात, लहान नगरांत आणि जुन्या वळणाच्या यजमानांच्या आग्रहाने दोन दोन पिढ्या टिकते, ही गोष्ट शैलीवरून काळ सांगणाऱ्याने नेहमी हिशेबात धरावी.

हे सर्व झाल्यावर नाव. जोवान्नी मोरेल्ली (१८१६–१८९१) या वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या इटालियन पंडिताने असा सिद्धांत मांडला की चित्रकाराची खरी ओळख चेहऱ्याच्या भावापेक्षा कानाच्या पाळीत, नखांच्या घडणीत, म्हणजे जेथे हात सवयीने चालतो तेथे पटते. हा मार्ग अद्याप उपयोगी आहे, आणि अवरक्त किरणांच्या साह्याने रंगाखालचे मूळ रेखाटन पाहण्याची जी पद्धत डच संशोधक फान आस्पेरेन दे बूर यांनी १९६० नंतर विकसित केली, तिने त्याला नवे बळ दिले. कारण रेखाटन चित्रकार कोणालाही दाखविण्यासाठी काढीत नाही. त्यात सुधारणा, फिरविलेला हात, बदललेली घडी दिसली तर स्वतंत्र काम. निर्जीव, अखंड, चाचपडत न जाणारी रेषा दिसली तर नक्कल किंवा खर्डा गिरविल्याचा संशय घ्यावा.

दफ्तरातील कागद सापडला की सर्व मिटले, असेही नाही. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला येथे पूर्वी असलेली भव्य मातामूर्ती चित्रकारांचा चरित्रकार व्हासारी याने चिमाबुएच्या नावावर घातली आणि शतकानुशतके ती तशीच मानली गेली; १५ एप्रिल १२८५ चा करारनामा दुच्चोच्या नावे होता, तोही प्रसिद्ध झालेला होता, परंतु तो कागद आणि ते चित्र यांचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शैलीच्या अभ्यासाने जुळविला. कोलोनच्या कॅथीड्रलमधील थोर वेदीचित्र श्टेफान लोख्नरचे म्हणतात, त्याचाही आधार म्हणजे जर्मन चित्रकार ड्यूररने १५२० च्या प्रवासात ‘मास्टर श्टेफान’च्या चित्राविषयी केलेली त्रोटक नोंद. म्हणून जेथे कागद नाही तेथे विद्वानांनी एखाद्या प्रमुख चित्रावरून ‘संत व्हेरोनिकाचा चित्रकार’ किंवा ‘फ्लेमालचा चित्रकार’ अशी कामचलाऊ नावे पाडली, ती मला फार प्रामाणिक वाटतात. आपल्या टिपणातही ‘अमुकाचे’, ‘अमुकाच्या कारखान्यातील’, ‘अमुकाच्या वर्तुळातील’, ‘अमुकाच्या वळणाचे’ या पायऱ्या काटेकोर पाळाव्यात. विक्रेता पहिली पायरी सांगत असेल, तर शेवटच्या पायरीपासून आरंभ करावा. तुलनेसाठी हेगची आरकेडी ही कलेतिहास-संस्था, ब्रुसेल्सची शाही कलावारसा संस्था आणि बोलोन्याचा झेरी छायाचित्रसंग्रह यांत लक्षावधी चित्रांची छायाचित्रे आहेत, त्यांचा उपयोग करावा.

गोव्यातील वाचकांसाठी एक खास सूचना. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात आला तो १५१० मध्ये, आणि तोवर लिस्बनमध्ये फ्लेमिश वळणाचे तैलचित्रण रुजले होते. त्यामुळे गोव्यात घडलेला कोणताही ख्रिस्ती फलक या लेखातील अर्थाने गॉथिक असू शकत नाही, मग त्याची रेषा कितीही पुरातन भासो. म्हणून त्याचे मोल कमी होते असे मुळीच नाही. अशा फलकांना कोकणपट्टीच्या दमट हवेत जपावे, स्पिरिट किंवा तेल लावून ‘उजळ’ करण्याचा मोह टाळावा, आणि भिंतीला चिकटवून टांगू नये.

शेवटी ज्यात या सर्व साक्षी एकत्र येतात असे एक चित्र सुचवितो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील विल्टन द्विपट हे इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्यासाठी रंगविलेले छोटेसे, घडी घालता येण्याजोगे चित्र. त्याची फळी ओकची आणि लेप खडूचा, म्हणजे उत्तरेकडचा. परंतु चेहऱ्यांखाली हिरवी माती, म्हणजे इटलीची रीत. माता मेरीभोवतीचे अकरा देवदूत राजाचे शुभ्र हरिणाचे चिन्ह धारण करतात. राजाच्या गळ्यातील शेंगांची माळ फ्रान्सच्या राजघराण्याशी झालेल्या १३९६ च्या विवाहसंबंधाकडे निर्देश करते. बाहेरच्या बाजूचे, एडवर्ड द कन्फेसरच्या चिन्हाशी जोडलेले कुलचिन्ह राजाने १३९५ च्या सुमारास स्वीकारले, आणि १३९९ मध्ये त्याचे राज्य गेले. पुढे १६३९ च्या पहिल्या चार्ल्सच्या संग्रहाच्या यादीत ते नोंदलेले आहे, आणि १९२९ मध्ये ते गॅलरीने विकत घेतले. काळ असा चार-पाच वर्षांत बांधला गेला असूनही चित्रकार कोण, कोणत्या देशाचा, हे ठरलेले नाही, आणि गॅलरीने आपल्या नोंदीत ‘इंग्लिश किंवा फ्रेंच’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे. वाचकांनीही आपल्या टिपणांत, पुरावा जेथे संपतो तेथे, ते चिन्ह निःसंकोच घालावे.